माणूस कामावरून कमी करताना

दुकानात पहिला माणूस कामाला ठेवताना मालकाला कौतुक वाटते. पहिल्यांदा माणूस कमी करावा लागतो तेव्हा मात्र त्याची झोप उडते. मोठ्या कंपनीत एक पत्र निघते आणि विषय संपतो. आपल्या गावात तसे होत नाही. ज्याला काढायचे तो मागच्या गल्लीत राहतो, त्याची आई बाजारात भेटते, त्याच्या बहिणीच्या लग्नात आपण जेवलेलो असतो. म्हणून बरेच मालक सरळ बोलायचे टाळतात. गिऱ्हाइकांसमोर पाणउतारा करायचा, काउंटरवरून उठवून गोदामात बसवायचे. कंटाळून तो आपणच जाईल, आपल्याकडे वाईटपणा नको!

माझ्या लहानशा दुकानात ही वेळ आली ती नेमकी रमजानच्या तोंडावर. मुलगा हाताचा स्वच्छ, पण महिन्यातून आठ-दहा दिवस न सांगता गैरहजर. तीनदा समजावले, तिसऱ्यांदा त्याच्या वडिलांसमोर. त्याचे काम बाकी दोघांवर पडू लागले होते. मला सल्ले दोन मिळाले. एक म्हणाला, "आत्ताच काढ, ईदचा बोनस वाचेल." दुसरा म्हणाला, "रमजानमध्ये कुणाच्या पोटावर पाय देऊ नकोस, ईदनंतर बघ." पहिला सल्ला तर सोडूनच द्या. पण दुसराही मला पटेना. ईदसाठी उधारीवर कपडे घेऊन बसलेल्या माणसाला ईदच्या दुसऱ्या दिवशी घरी बसवायचे, यात दया कसली?

मी त्याला रमजान लागण्याआधीच बसवून सांगितले. अजून एक महिना काम, पूर्ण पगार, ईदचा बोनस, आणि दुसरीकडे विचारायला जायचे तर सुट्टी. तो बराच वेळ गप्प राहिला. मग एवढेच म्हणाला, "चाचा, अम्मीला तुम्ही सांगू नका, मीच सांगतो." पुढचा महिनाभर तो रोज समोर दिसत होता. ते दिवस सोपे गेले नाहीत, त्यालाही आणि मलाही.

माणूस कायमचा सांभाळलाच पाहिजे, असे इस्लाम सांगत नाही. कुरआनच्या 'कसस' या सूरहमध्ये हजरत मूसा मदयनला एका वृद्धाकडे कामाला राहतात, त्याची हकिकत आहे. मुदत आधीच ठरते: आठ वर्षे, आणि दहा पूर्ण केली तर ती मूसांची खुशी. आपल्यावर जादा भार टाकणार नाही, असेही तो वृद्ध सांगतो. काम हा दोघांमधला करार आहे, आणि करार संपू शकतो. हक्क मात्र बुडवता येत नाही.

कामगाराची मजुरी त्याचा घाम वाळण्याआधी द्या, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अनेक हिंदू वाचकांनीही ऐकली असेल. देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. कामावरून कमी केलेल्या माणसाचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा, ही तरतूद १९३६ च्या वेतन कायद्यात होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल, तर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटीही द्यावी लागते.

रमजानमध्ये आणखी एका गोष्टीची गल्लत होते. या महिन्यात अनेक व्यापारी वर्षभराच्या शिलकीवर अडीच टक्के जकात काढतात. त्यातलीच रक्कम कामगाराच्या हातावर ठेवायची आणि थकलेला पगार फिटला असे समजायचे, हे चालत नाही. जकात हा गरिबाचा वाटा आहे, पगार हे मालकावरचे कर्ज. एकाच पैशाने दोन्ही फिटत नाहीत.

प्रेषितांनी (स.) एकदा सोबत्यांना विचारले, दिवाळखोर कोण? ज्याच्याकडे पैसा आणि मालमत्ता नाही तो, असे उत्तर आले. त्यावर त्यांनी सांगितले, की खरा दिवाळखोर नमाज, रोजे आणि जकात घेऊन कयामतच्या दिवशी हजर होईल. पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल. त्याचे सारे पुण्य त्या लोकांत वाटले जाईल. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला हा हिशेब लगेच कळतो.

माणूस गेल्यावरही एक गोष्ट उरते. गाव लहान असते; नवा मालक फोन करून विचारतोच, "कसा आहे हो तो?" खोटी तारीफ करू नये, आणि घरच्या भानगडीही सांगू नयेत. माझ्याकडे विचारणा झाली तेव्हा मी म्हणालो, "दांड्या मारतो, पण पैशाला हात लावत नाही." कामापुरते खरे तेवढेच. त्यापुढचे बोलणे म्हणजे गिबत, पाठीमागची निंदा. उपाशीपोटी निंदा करत बसलो, तर पदरात फक्त उपास पडतो.

फित्रा ईदच्या नमाजाआधी द्यावा लागतो, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. कुणाचा पगार अडकला असेल तर तो त्याच्याही आधी पोहोचवावा. दिवाळीच्या वहीपूजनाआधीही हे करायला हरकत नाही.