गव्हाशिवायची भट्टी

बेकरीच्या काचेवर हल्ली दोन पाट्या शेजारी शेजारी दिसतात : ‘ग्लुटेन-फ्री’ आणि ‘लो-कार्ब’. गिऱ्हाईक दोन्हींचा अर्थ एकच धरतं, आणि पुष्कळदा विकणाराही. या गोंधळाची किंमत दोघांना मोजावी लागते. एक, ज्याच्या आतड्याला गहू सोसत नाही तो. दुसरा, ज्याची रक्तातली साखर चढते तो. ज्वारी, बाजरी, नाचणी या तिन्हींत ग्लुटेन नाही. पण त्यांच्या १०० ग्रॅम पिठात कर्बोदकं ६० ते ७० ग्रॅम, म्हणजे जवळपास कणकेइतकीच. राजगिऱ्याची गत तीच. मधुमेह आहे म्हणून नाचणीचा साखर घातलेला केक निर्धास्तपणे खाणाऱ्यांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

दोन्ही पथ्यांचा उगमही वेगळा. कर्बोदकं जवळजवळ बंद करून स्निग्धांशावर भर देणारा कीटोजेनिक आहार मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये सुचवला, तो अपस्माराच्या रुग्णांसाठी. गव्हाचं प्रकरण उलगडलं नेदरलँड्समध्ये. विलेम कारेल डिके या बालरोगतज्ज्ञांना सीलियाक या आतड्याच्या आजाराच्या मुलांबाबत गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे ब्रेड मिळेनासा झाला, माणसं उपासमारीने मरत होती, आणि ही आजारी मुलं मात्र सुधारू लागली. ब्रेड परत आला तसा आजारही परतला. डिके यांचा प्रबंध १९५० चा. उत्तर भारतात आज शंभरातल्या साधारण एकाला सीलियाक असल्याचं आढळतं. या लोकांना गहू आयुष्यभर वर्ज्य. जव आणि रायही वर्ज्य. आपल्याकडे ‘साखरेला चांगला’ म्हणून नावाजलेला खपली गहूसुद्धा त्यांना चालत नाही. शेवटी तो गहूच.

मग भट्टीत नेमकं अडतं कुठे? कणकेत पाणी पडलं की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं जाळं विणतात. यीस्टचा वायू त्या जाळ्यात अडकतो आणि पाव फुगतो. पण प्रत्येक पदार्थाला या जाळ्याची गरज नसते. नानकटाईत तर ते नकोच असतं, तिथला खुसखुशीतपणा तुपाचा. म्हणून नव्याने शिकणाऱ्याने नानकटाईपासून सुरुवात करावी. बेसन, नाचणी, ज्वारी, काहीही घ्या, फसण्याची भीती कमी. केक मधल्या पायरीवर, कारण तिथे अंडी आधार देतात. स्पेनमधला तार्ता दे सान्तियागो बदाम, साखर आणि अंडी यांवर कधीपासून उभा आहे, त्यात गव्हाचं पीठ सहसा नसतं. खारीच्या वाटेला मात्र जाऊ नये, तिला हे जाळं लागतंच.

खरी परीक्षा पावाची, आणि इथे आपलं स्वयंपाकघर जगाच्या पुढे होतं असं मला मनापासून वाटतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली, की भाकरी थापताना चिरते. मग बाई आधणाचं पाणी घालून पीठ उकडून घेते. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो, चिकट होतो आणि जाळ्याचं थोडं काम करतो. तांदळाच्या भाकरीची आणि मोदकाची उकड याच तत्त्वावर. पाश्चात्त्य पाककृती इथे झँथन गम घालायला सांगतात. आपल्या हाताशी त्याहून चांगला जोडीदार आहे, तो म्हणजे गुजरात-राजस्थानात पिकणारा इसबगोल.

ज्वारीच्या पावासाठी ४०० मिलिलिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम इसबगोलाचा भुसा भुरभुरवत ढवळा. पाच-सात मिनिटांत पाणी हलेनासं होतं, चमचा उभा राहील असा बुळबुळीत गोळा तयार होतो. ज्वारीच्या एक तृतीयांश पिठाची उकड काढून निववलेली, उरलेलं पीठ कोरडं, थोडा टॅपिओका स्टार्च, यीस्ट, मीठ, चमचाभर तेल. हे सगळं त्या गोळ्यात मिसळायचं. मळत बसायचं कारण नाही, विणायला जाळंच नाही. दोनदा फुगवायचंही नाही. साच्यात घालून एकदाच फुगू द्यायचं आणि चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये कणकेच्या पावापेक्षा जास्त वेळ भाजायचं. पूर्ण गार होण्याआधी सुरी लावली तर आतला भाग चिकट लागतो आणि पाव बिघडला असं वाटतं. तासभर धीर धरला तर काप सरळ निघतात, कडेला ज्वारीचा खरपूस वास असतो.

बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, म्हणून ते काही दिवसांतच कडवट होतं. ताजं दळूनच वापरावं. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पण नुसत्या नाचणीचा केक भुसभुशीत होऊन सांडतो. शिंगाड्याचं पीठ उपासापुरतं ठीक.

खरोखर कमी कर्बोदकांची पिठं मोजकीच. बदामाच्या पिठात तंतू वजा जाता १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम कर्बोदकं उरतात, पण निम्मा भाग तेलाचा आणि किंमत ज्वारीच्या कितीतरी पट. दूध पिळून उरलेल्या खोबऱ्याचा चोथा वाळवून, दळून केलेलं नारळाचं पीठ कोकण-गोव्याच्या घरांत सहज जमण्यासारखं आहे. ते पाणी मात्र अधाशासारखं पितं. बदामाच्या पिठाच्या जागी तेवढंच नारळाचं घातलं तर हाती विटेचा तुकडा येईल; पाव हिश्शाने सुरुवात करावी, अंडी वाढवावीत. जवस कुटून घातला तर बांधणी चांगली होते. बदाम आणि इसबगोल यांचा पाव कधीकधी जांभळट दिसतो, त्याने घाबरू नये.

सीलियाकच्या माणसाची अडचण पीठ निवडून संपत नाही. गिरणीत आपल्या ज्वारीआधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात आणि तो अंश आपल्या डब्यात उतरतो. त्याच्यासाठी घरघंटी ही चैन नव्हे. बाजारच्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार ग्लुटेन-फ्री म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. मैदा उडणाऱ्या खोलीत, त्याच टेबलावर, त्याच साच्यात केलेला ज्वारीचा ब्रेड ही अट पाळेल याचा भरवसा नाही. छोट्या बेकरीला वेगळी जागा परवडत नाही हे मान्य. तिने पुड्यावर ‘ज्वारीचा ब्रेड, गहू हाताळणाऱ्या बेकरीत केलेला’ असं स्वच्छ लिहावं, आणि तपासणी करून घेईपर्यंत ‘ग्लुटेन-फ्री’ची पाटी काचेवरून काढून ठेवावी.