पाय दाबल्यानंतरचे दोन क्षण
इंजिनाच्या पोटात : लेखांक ६

कसारा घाटाचा चढ. पुढे सळ्यांनी लादलेला ट्रक, तुमचा तिसरा गिअर आणि इंजिनाचे फेरे जेमतेम 1,300. उजवीकडची लेन मोकळी दिसते. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबता आणि गाडी जागची हलल्यासारखी वाटतच नाही. मग अचानक मागून कुणी ढकलावे तशी ती झेपावते, पण तोवर मागची बस त्या लेनमध्ये शिरलेली असते. लहान टर्बो पेट्रोल गाडी चालवणाऱ्यांना हे नवे नाही. आपण याला सरसकट ‘टर्बो लॅग’ म्हणतो. प्रत्यक्षात ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

टर्बोची रचना मागच्या आठवड्यात पाहिली. सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळालेला वायू एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. मेख अशी, की जास्त हवा हवी तर चक्र वेगात फिरले पाहिजे, त्यासाठी जळालेला वायू जास्त हवा, आणि वायू जास्त मिळायला आधी जास्त हवा जळली पाहिजे. फेरे फारच कमी असतील तर पाय कितीही वेळ दाबून ठेवा, चक्राला पुरेल एवढा वायू निघतच नाही. हे पहिले दुखणे, म्हणजे बूस्टचा उंबरठा. वायू पुरेसा आहे, पण चक्राला वेग घ्यायला वेळ लागतो, हे दुसरे. खरा लॅग तो. घाटातली ती तक्रार बहुधा उंबरठ्याची असते. गाडीच्या माहितीपत्रकात कमाल टॉर्कपुढे ‘1,750 ते 4,000’ असे काही छापलेले असते. त्यातला पहिला आकडा फार कमी लोक वाचतात. त्याच्या बराच खाली असताना टर्बोकडून ओढ मागणे व्यर्थ आहे.

खऱ्या लॅगशी पहिली मोठी झुंज झाली ती शर्यतीच्या ट्रॅकवर. 1977 मध्ये रेनॉने सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनमधली पहिली टर्बो गाडी उतरवली. तिला एकच मोठा टर्बो होता आणि वळणातून बाहेर पडताना ताकद कधी येईल याचा भरवसा नव्हता. 1979 मध्ये त्यांनी एका मोठ्याऐवजी दोन लहान टर्बो बसवले आणि त्याच वर्षी दिजाँला झ्याँ-पिएर झाबुई याने टर्बो इंजिनाची पहिली ग्रां प्री जिंकली. लहान चक्राचा एवढा फायदा का? कारण घडण तीच ठेवली, तर चक्राचे फिरण्यातले जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताप्रमाणे बदलते. व्यास फक्त 10 टक्क्यांनी घटवा, जडत्व सुमारे 41 टक्क्यांनी उतरते. या विषयात एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल, तर तो हा ठेवा.

लहान चक्र पटकन फिरते, पण वरच्या फेऱ्यांना त्याचा श्वास कोंडतो. म्हणून जास्तीचा वायू चक्राला वळसा घालून सोडणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, लागते. साबने 99 टर्बोमध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हाच मार्ग घेतला: मुद्दाम लहान टर्बो आणि त्याला वेस्टगेट, म्हणजे रोजच्या रस्त्यावर खालच्या फेऱ्यांनाच ओढ मिळावी. आजची लहान इंजिने त्याच वाटेने फार पुढे गेली आहेत. फोर्डच्या 2012 च्या एक लिटर इकोबूस्टमधला टर्बो मिनिटाला 2,48,000 फेऱ्यांपर्यंत जातो.

पण मला सर्वांत जास्त कौतुक वाटते ते नळ्या आखूड करणाऱ्यांचे. टर्बोपासून सिलिंडरपर्यंतची सगळी पोकळी दाबाने भरल्याशिवाय इंजिनाला काही मिळत नाही. दाबलेली हवा तिला थंड करणाऱ्या, बंपरमागच्या इंटरकूलरपर्यंत लांब नळीने जाऊन परत येत असेल, तर वेळ तिथेच खर्च होतो. फोक्सवॅगनने आपल्या टीएसआय इंजिनांत पाण्याने थंड होणारा इंटरकूलर थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये बसवला आणि ती पोकळी घटवली. दुसऱ्या बाजूला, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतून घेतात, त्यामुळे वायू टर्बोपर्यंत चटकन पोहोचतो.

तीन सिलिंडरचा एक गुण मात्र कुणी सांगत नाही. चार सिलिंडरमध्ये दर 180 अंशांना एक सिलिंडर वायू सोडतो, तेव्हा आधीच्याची झडप अजून उघडीच असते आणि दोन झोत एकमेकांचा जोर मोडतात. ते टाळायला दोन वाटांचा, ट्विन स्क्रोल टर्बो करावा लागतो. तीन सिलिंडरमध्ये हे अंतर 240 अंशांचे. झोत आपापल्या पाळीने येतात आणि साधा टर्बोही चांगला चालतो. चार मीटरच्या आत लांबी आणि 1,200 सीसीच्या आत पेट्रोल इंजिन, या आपल्याकडच्या कराच्या चौकटीमुळे तीन सिलिंडरचे टर्बो भारतात फोफावले. इथे काटकसर आणि तंत्र यांचे चांगले जमले आहे.

थेट इंधन फवारणीने उंबरठाही खाली आणता येतो. कमी फेऱ्यांवर इनटेक आणि एक्झॉस्ट झडपा थोडा वेळ एकत्र उघड्या ठेवतात. ताजी हवा सिलिंडर धुऊन पलीकडे जाते, पेट्रोल नंतर फवारले जात असल्याने वाया जात नाही, आणि टर्बोला फिरवायला जास्त वायू मिळतो. विजेचीही मदत घेता येते. मारुती फ्राँक्सच्या एक लिटर बूस्टरजेटमध्ये बेल्टवरची छोटी मोटर टर्बो जागा होईपर्यंत हात देते. मर्सिडीज-एएमजीने 2022 च्या सी 43 मध्ये मोटर थेट टर्बोच्या दांड्यावरच बसवली. लॅगवर इतका सरळ उपाय दुसरा नाही, पण त्याची किंमत लहान गाडीला अजून पेलवणारी नाही.

आता तुमच्या हातात काय आहे? बूस्ट वाढवणाऱ्या रिमॅपच्या मागे लागू नका. वरची ताकद वाढली म्हणून चक्र हलके होत नाही. ओव्हरटेक करण्यापूर्वी दुसरा गिअर टाका, फेरे 2,000 च्या वर न्या, मगच पाय दाबा. वरच्या गिअरमध्ये, 1,300 फेऱ्यांवर पाय पुरता दाबण्याची सवय थेट फवारणीच्या इंजिनाला घातकही आहे. ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका तिथे सर्वाधिक असतो आणि त्याने पिस्टन फुटू शकतो. ऑइल बदलताना उत्पादकाने सांगितलेलाच दर्जा घाला. एपीआय एसपी या दर्जात अशा अकाली पेटण्याविरुद्धची चाचणी समाविष्ट आहे. आणि गाडी पूर्वी ओढत होती, आताच मरगळली असेल, तर तो लॅग नाही, बिघाड आहे. गॅरेजमध्ये आधी एअर फिल्टर आणि इंटरकूलरच्या होज पाइपच्या क्लिपा तपासून घ्या. सैल क्लिपमधून गेलेली हवा टर्बो पुन्हा आणून देत नाही.