बुलबुल काय पेरतो?

शाळेची बाग करायची म्हटली की मागणी येते ती पाण्यावाचून जगणाऱ्या, गुरे न खाणाऱ्या आणि फुलपाखरे बोलावणाऱ्या झाडांची. मावळात या तिन्ही अटी पुऱ्या करणारे एक झुडूप फुकट मिळते. ते म्हणजे घाणेरी, म्हणजेच टणटणी. फांदी खोचली तरी लागते. तरीही ती लावू नये, असे आम्हांला वाटते.

घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेची शोभा म्हणून ती भारतात आली. तिच्या मधासाठी फुलपाखरे येतात, हे खरे. परंतु आपल्या फुलपाखरांच्या अळ्या तिच्या पानांवर वाढताना सहसा दिसत नाहीत. तिची पिकलेली काळी फळे बुलबुल खातो आणि बी त्याच्या विष्ठेतून दूरवर पडते. शाळेच्या कुंपणावर आपण एक झुडूप लावतो, डोंगरउतारावर पुढची शंभर बुलबुल लावतो.

हाच बुलबुल करवंदेही आवडीने खातो. मग त्याला करवंदेच का देऊ नयेत? लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे वडगाव-तळेगावला तो झपाट्याने उतरतो. करवंदाची जाळी दोन्हीकडे, कातळालगतच्या वीतभर मातीतही तग धरते. काटे आणि चीक यांमुळे गुरे तिला फारशी छळत नाहीत. रानातली एखादी जुनी जाळी मुलांना जरूर दाखवावी. तिच्या पोटातून दुसऱ्याच एखाद्या झाडाचे रोप वर आलेले दिसते. उघड्यावर ते केव्हाच चरले गेले असते. काट्यांच्या आड ते वाढले. करवंद आणि कण्हेर एकाच कुळातली. कण्हेरीवर वाढणाऱ्या मोठ्या हिरव्या पतंगाच्या अळ्या करवंदाचीही पाने खातात. फेब्रुवारीपासून पांढरी सुवासिक फुले येतात आणि मेमध्ये ‘डोंगरची काळी मैना’ द्रोणांतून विकायला येते.

रोपे करण्यात खरी अडचण वेळापत्रकाची आहे. फळे पिकतात सुट्टीत आणि शाळा उघडते जूनच्या मध्यावर. करवंदाचे बी फार दिवस टिकत नाही. डब्यात जपून ठेवलेले बी गणेशोत्सवानंतर पेरले, तर बहुधा रुजत नाही. म्हणून सुट्टीपूर्वीच मुलांना माती भरलेल्या पिशव्या द्याव्यात. कोंबडा की कोंबडी हा खेळ झाला, फळ खाऊन झाले, की बी धुवावे, दिवसभर सावलीत सुकवावे आणि त्याच आठवड्यात अर्धा इंच खोल पेरावे. दोनतीन आठवड्यांत कोंब दिसतो. रोप वर्षभर पिशवीतच वाढवावे आणि पुढच्या पावसाच्या आरंभी मीटरभर अंतरावर लावावे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी हवेच. ‘काटक’ म्हणजे लावून विसरून जाण्याजोगे नव्हे! काटे दुहेरी आणि टणक असतात, तेव्हा खेळाच्या मैदानापासून रांग दूर असावी.

वाढ मंद असते. फळासाठी तीनचार वर्षे थांबावे लागते. पाचवीत बी पेरलेली मुले आठवी-नववीत करवंदे खातील. तोवर आवारातील घाणेरी काढता येईल. फळे धरण्याआधी, जमिनीखालच्या खोडासकट काढावी. नुसती वरून छाटली तर ती दुप्पट फुटते.

पहिली करवंदे पिकली की कुंपणाखालची विष्ठा मुलांना तपासू द्यावी. कोणते बी सापडते, त्याची वहीत तारखेनिशी नोंद ठेवावी.