पसंतीचे आकडे आणि खतावणीतील जमा

चेन्नई बंदरालगतचे जॉर्ज टाउन ही दक्षिण भारतातील एक जुनी व्यापारपेठ होय. पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकानिमित्त १९११ मध्ये तिला हे नाव लाभले. येथील तंबू चेट्टी रस्त्यावरील कालिकांबाळ मंदिरात १६७७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी दर्शन घेतले, अशी परंपरा आहे. गोडाउन स्ट्रीटवर कापड, अँडरसन स्ट्रीटवर कागद व लग्नपत्रिका, एन.एस.सी. बोस रस्त्यावर दागिने, अशी मालाची विभागणी असल्याने पूर्वी रस्त्याचे नाव हीच दुकानाची जाहिरात असे. आज मात्र अनेक ग्राहक प्रथम भ्रमणध्वनीच्या पडद्यावर माल पाहतात.

साहजिकच समाजमाध्यमांवरील जाहिरातीचा खर्च छोट्या व्यापाऱ्याच्याही हिशेबात आला आहे. हा खर्च खेळत्या भांडवलातून होतो आणि ते भांडवल कर्जाऊ असेल तर त्यावर व्याजही चढते. म्हणून या माध्यमांकडून मिळणारे आकडे पारखून घेणे अगत्याचे ठरते.

नेमके काय मोजले?

जाहिरात किती जणांपर्यंत पोहोचली, किती वेळा दिसली, किती जणांनी पसंती दर्शविली, हे तिन्ही आकडे भिन्न आहेत. आणि त्यांपैकी एकही विक्री दर्शवीत नाही. चित्रफिती पाहण्याचा सरासरी कालावधी आपण फुगवून दाखविला, हे सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केले. तीन सेकंदांपेक्षा कमी काळ पाहणारे प्रेक्षक भागाकारातून वगळले गेल्याने सरासरी वाढली होती. दिसते तसे नसते, ही म्हण आकडेवारीलाही लागू पडते.

हंगामाचे भान

तमिळ पंचांगातील आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, विवाह सहसा टाळले जातात. याच काळात कापड दुकानांत सवलतीची विक्री जोरात असते. अशा वेळी पत्रिकांची मागणी घटली तर दोष जाहिरातीचा नसतो आणि कापडाची विक्री वाढली तर श्रेयही केवळ तिचे नसते. यास्तव तुलना गतवर्षीच्या त्याच महिन्याशी करावी.

घरचे संशोधन

समजा, पत्रिकाविक्रेत्याने जाहिरातीवर ५,००० रुपये खर्च केले. त्यातून ५० विचारणा झाल्या व १० ग्राहकांनी खरेदी केली. प्रत्येक ग्राहकामागे खर्च ५०० रुपये आला. प्रति ग्राहक नफा ४०० रुपये असल्यास, पसंती हजारोंनी मिळूनही १,००० रुपयांचा तोटा झाला.

हा हिशेब मांडण्यास मोठी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक ग्राहकास ‘दुकानाची माहिती कोठून मिळाली?’ असे विचारून उत्तर कीर्दीत नोंदवावे. प्रत्येक माध्यमासाठी सवलतीचा वेगळा संकेतशब्द द्यावा. २०१६ पासून रूढ झालेल्या यूपीआयद्वारे आलेल्या रकमा खातेउताऱ्यात दिसतात. त्या विचारणांच्या नोंदींशी पडताळून पाहाव्यात. २०१८ मध्ये आलेले व्हॉट्सॲप बिझनेस पाठविलेल्या, पोहोचलेल्या व वाचलेल्या संदेशांची संख्या दाखवते. परंतु वाचल्याची खूण बंद ठेवणारे ग्राहक तीत मोजले जात नाहीत. ग्राहकांचे क्रमांक वापरताना त्यांची संमती घ्यावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही संमत झाला आहे.

तीन महिन्यांच्या अशा नोंदींवरून कोणत्या माध्यमावरील खर्च वाढवावा व कोणता थांबवावा, याचा निर्णय व्यापाऱ्यास आपल्याच वहीच्या आधारे घेता येतो.