इंजिनाच्या तेलाला गारवा

कळंबोलीचा लोखंड बाजार तुम्ही पाहिला असेल. सळ्या, पत्रे, गर्डर भरून मालमोटारी निघतात. कित्येक पुण्याची वाट धरतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येथूनच सुरू होतो. तो २००२ साली पुरा झाला.

खोपोलीपर्यंत ठीक. पुढे बोरघाट. भरलेली गाडी येथे हळू चालते, पण इंजिन जिवापाड राबते. गाडी हळू, म्हणून वाराही कमी लागतो. मग इंजिनातले तेल तापते.

बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालतो ना, तसेच हे तेल. लोखंडावर लोखंड घासू देत नाही. शिवाय आतली उष्णता वाहून नेते. साधारण ९० ते ११० अंशांपर्यंत ते तापतेच. पण १३०च्या पुढे बराच वेळ राहिले, तर फार पातळ होते आणि लवकर खराब होते. मग बेअरिंग घासते. कधी इंजिनच जाम होते. गाडी कर्जाची असली, तर हप्ता कुठून भरायचा?

त्यासाठी ऑईल कूलर. म्हणजे तेल गार करणारा लहानसा रेडिएटरच.

पुष्कळ मोठ्या डिझेल गाड्यांना तो कारखान्यातूनच येतो. तो पाण्यावर गार होतो. तेव्हा आधी आपल्या गाडीला आहे का ते पाहा. असूनही तेल तापत असेल, तर तो चोंदला असेल. आमच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरने हे न पाहताच नवा घेतला. पैसे फुकट गेले!

नसेल, तर चांगल्या मिस्त्रीकडून बसवून घ्या. इंजिन निवाले की तो तेलाचा फिल्टर काढतो. फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये जाड चकती बसवतो. तिला दोन तोंडे असतात. एकातून गरम तेल कूलरकडे जाते, दुसऱ्यातून निवून परत येते. कूलर रेडिएटरच्या पुढे, वाऱ्यावर बसतो. चकती थर्मोस्टॅटची मागा. पहाटे तेल घट्ट असते; तेव्हा ती त्याला कूलरकडे फारसे जाऊ देत नाही.

नळ्यांत मात्र काटकसर नको. तेलाचा दाब आणि उष्णता सोसणाऱ्याच घ्या. पाण्याची रबरी नळी चालायची नाही. नळी पंख्याला किंवा धुराच्या गरम पाइपाला लागू देऊ नका.

मग इंजिन थोडा वेळ चालवा. जोड पाझरतात का पाहा. इंजिन बंद करून, जरा थांबून तेलाची काडी बघा. कूलरने तेल पोटात घेतलेले असते, म्हणून पातळी उतरते. तेवढे तेल भरा.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी त्यावर काळा ठिपका दिसला, तर माल भरू नका. आधी मिस्त्रीला बोलवा.