हायपरकार्डमधल्या चुकामुकींचा मागोवा

११ ऑगस्ट १९८७ रोजी बोस्टनच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात ॲपलने हायपरकार्ड लोकांपुढे ठेवलं. ते लिहिलं बिल ॲटकिन्सन यांनी. त्यातली हायपरटॉक ही भाषा डॅन विंकलर यांची. नव्या मॅकिंटॉशबरोबर हे सॉफ्टवेअर फुकट मिळालं पाहिजे, असा ॲटकिन्सन यांचा आग्रह होता आणि तो ॲपलने मानला. कार्डांचा एक स्टॅक, प्रत्येक कार्डावर मजकूर, चित्रं आणि बटणं. बटण दाबलं की दुसरं कार्ड. प्रोग्रामिंग न शिकलेल्या शिक्षकांनी, डॉक्टरांनी, ग्रंथपालांनी त्यात आपापली कामं उभी केली.

त्या वर्षांत आपल्याकडे मॅकिंटॉश दिसे तो मुख्यतः मुंबई-पुण्याच्या छपाई आणि जाहिरात व्यवसायात. बुलढाणा तालुक्यातल्या आमच्या धाडमध्ये आज हायपरकार्ड पाहता येतं, कारण २०१७ मध्ये, हायपरकार्डला तीस वर्षं झाली तेव्हा, इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाने जुने स्टॅक ब्राउझरमध्ये चालतील असे ठेवले. ते उघडले की तेव्हाच्या अडचणीही जशाच्या तशा समोर येतात, आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत.

सर्वांत जास्त चकवा दिला तो कार्डाच्या क्रमांकाने. ‘गो टू कार्ड ५’ असं लिहिलं की हायपरकार्ड त्या क्षणी पाचव्या जागी असलेल्या कार्डावर नेतं. मध्ये एक नवं कार्ड घातलं किंवा स्टॅक अकारविल्हे लावला, की पाचव्या जागी भलतंच कार्ड येतं. एस.टी.च्या रांगेतला पाचवा माणूस उद्या वेगळा असणारच. प्रत्येक कार्डाला न बदलणारा एक आयडीही असे. बटणाच्या माहितीच्या चौकटीतून दुवा जोडला, तर हायपरकार्ड स्वतः तो आयडीच लिहीत असे. हाताने लिहिणारे मात्र सोपा म्हणून क्रमांक लिहीत, आणि महिन्याभराने स्टॅक बिघडला म्हणत.

दुसरी अडचण बाणांच्या कळांची. चौकटीत मजकूर लिहिताना डावा बाण दाबावा, तर कर्सर हलण्याऐवजी आधीचं कार्डच येई. ‘टेक्स्टॲरोज’ हा गुणधर्म चालू केला की बाण मजकुरात फिरतात. मग कार्ड बदलायला ऑप्शन कळ सोबत दाबायची. आणि शेवटच्या कार्डावर ‘नेक्स्ट’ दाबलं तर थांबणं नाही, थेट पहिलं कार्ड. आपण पुढे जातोय की गोल फिरतोय, हे नवख्याला कळत नसे.

बटण दाबूनही काही होत नसेल, तर कारण बहुधा थरांत सापडे. कार्डाचा थर नेहमी पार्श्वभूमीच्या, म्हणजे अनेक कार्डांना सामाईक असलेल्या थराच्या, वर असतो. कार्डावरचं एखादं पारदर्शक बटण पार्श्वभूमीवरच्या बटणाला झाकून टाकी आणि क्लिक मधल्यामध्ये अडे. कमांड आणि ऑप्शन एकत्र दाबून धरल्या की पारदर्शक बटणांच्याही कडा दिसत. तसंच संदेशांचं. कार्डाच्या स्क्रिप्टमध्ये कार्ड उघडतानाच्या ‘ओपनकार्ड’ संदेशासाठी काही लिहिलं आणि शेवटी ‘पास ओपनकार्ड’ राहिलं, तर पार्श्वभूमीची स्क्रिप्ट चालतच नसे. दोष शोधताना बटण, कार्ड, पार्श्वभूमी, स्टॅक, ‘होम’ स्टॅक या क्रमाने वर चढत जावं लागे. हा क्रम एकदा डोक्यात बसला की निम्मे बिघाड वाचता येतात.

वाट चुकलेल्यासाठी ‘रीसेंट’ होतं. नुकत्याच पाहिलेल्या ४२ कार्डांची इवलीशी चित्रं एका पडद्यावर येत. हवं ते दाबायचं. आजच्या ब्राउझरची इतिहासाची यादी याहून जास्त आठवते, पण इतक्या चटकन वाट दाखवत नाही, असं माझं मत आहे.

१९९० मध्ये दुसरी आवृत्ती आली. १९९३ चा ‘मिस्ट’ हा गाजलेला खेळ रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी हायपरकार्डमध्येच रचला. पण हे सगळं एका यंत्रात बंद होतं. कार्डावरून दुसऱ्याच्या संगणकावरच्या कार्डाकडे जाता येत नव्हतं, आणि तिथे वेबने बाजी मारली. ॲटकिन्सन यांनीही पुढे ही उणीव उघडपणे मान्य केली. ॲपलने २००४ मध्ये विक्री थांबवली.

वारसा मात्र आपल्यापर्यंत आला. वॉर्ड कनिंगहॅम यांना विकीची कल्पना त्यांनी पूर्वी केलेल्या हायपरकार्ड स्टॅकवरून सुचली. १९९५ मध्ये त्यांनी पहिला विकी सुरू केला. १ मे २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया त्याच वंशातला. ५ जून २०२५ रोजी ॲटकिन्सन गेले.

मुंबई-पुण्यातल्या जुन्या छापखान्यांच्या, जाहिरात संस्थांच्या कपाटांत तेव्हाच्या मॅकच्या फ्लॉप्या असतील, तर त्या भंगारात देऊ नका; त्यांत असे स्टॅकही असू शकतात. चुंबकीय थर झिजत जातो. वाचता येतात तोवर त्यांची प्रत करून घ्या.