बोटाचा हक्क कुठवर?

मी तेरा-चौदा वर्षांचा असेन. तीन वर्षं गायनक्लासात पेटी शिकून झाली होती आणि आपल्याला बरंच काही येतं असा समज होता. पुण्यात आत्याच्या घरी एक जुना उभा पियानो होता, सासऱ्यांनी कधीतरी लिलावात घेतलेला. सगळे जेवायला बसले असताना मी झाकण उघडलं आणि काळी एक दाबली. छान गोल सूर आला. मी पट्टी दाबूनच ठेवली, आता तो फुगवावा म्हणून. सूर मात्र ओसरायला लागला. माझा डावा हात आपोआप वाद्याच्या मागच्या बाजूला भाता शोधत गेला आणि पियानोच्या लाकडावर आपटला. आत्या दारातून बघत होती. "अरे, तो केव्हाच गेला. धरून काय ठेवतोस?" ती म्हणाली.

त्यानंतर जे जे पट्ट्यांचं वाद्य हाताखाली आलं, त्याला मी हाच प्रश्न विचारत आलो: इथे बोटाचा हक्क कुठवर चालतो? काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रांग सगळीकडे सारखीच दिसते आणि म्हणूनच फसगत होते. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला तार छेडली जाते, की तारेवर हातोडी पडते, की वाऱ्याची खिडकी उघडते, यावर वाजवण्याची सगळी रीत ठरते. बाख यांच्या 1722च्या प्रसिद्ध संग्रहाच्या नावात 'क्लाविअर' एवढंच आहे, म्हणजे पट्ट्यांचं वाद्य. कोणतं ते नाही. लिहिणाऱ्याला एवढी मोकळीक परवडते, वाजवणाऱ्याला परवडत नाही.

बोटाचा हक्क सर्वांत लांबवर चालतो तो क्लाविकॉर्डवर. पट्टीच्या दुसऱ्या टोकावर पितळेची एक पातळ पाचर उभी असते. पट्टी दाबली की ती तारेला खालून भिडते आणि पट्टी सोडेपर्यंत तिथेच टेकून राहते. म्हणजे सूर वाजतोय तोवर बोट आणि तार यांच्यामध्ये ती पाचर आणि लाकडाचा एक तुकडा, एवढंच अंतर. दाबलेल्या पट्टीवर बोट हलकेच डोलवलं की तारेचा ताण बदलतो आणि सूर थरथरतो. जर्मन वादक याला 'बेबुंग' म्हणतात. आपल्या कानाला ते आंदोलनाच्या जवळचं वाटेल. मात्र बोट जरा जास्त रेटलं की सूर चढतो, त्यामुळे जड हाताचा माणूस इथे बेसूर होतो. आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीत कुणी भांडी घासत असलं तरी मैफल संपली. बाख यांचे चिरंजीव कार्ल फिलिप इमान्युएल यांचा जीव याच वाद्यावर होता आणि 1753 साली त्यांनी वादनकलेवर लिहिलेला ग्रंथ आजही शिकवणारे उघडतात. वडिलांच्या तरुणपणी मोठे मोठे वादक अंगठा फक्त लांबचा सूर गाठायला वापरत, ही आठवण त्यातच नोंदवली आहे. त्याआधीच्या काळात सरगम मधल्या बोटांनी, एकावरून एक उडी घेत वाजे. अंगठा बोटांखालून सरकवायचा हे आज पहिल्या महिन्यात शिकवतात, पण ते रुळायला पिढ्या गेल्या.

हार्पसिकॉर्ड पियानोसारखं दिसतं, एवढंच. पट्टी दाबली की लाकडाची एक उभी काठी वर उचलली जाते आणि तिला लावलेलं पिसाचं टोक तार छेडून पुढे जातं. हळू दाबा नाहीतर जोरात, आवाजात जवळपास फरक नाही. मग भाव कुठून आणायचा? वेळेतून. एखादा सूर केसभर उशिरा आणला की तो महत्त्वाचा वाटतो; आधीची पट्टी नंतरचा सूर छेडल्यावरही क्षणभर धरून ठेवली की दोन छेडण्यांमधली खरखर झाकली जाते. ही 'उशिरा सोडायची' युक्ती लक्षात ठेवा, आपल्या पेटीवर ती पुन्हा भेटणार आहे. फ्रान्समधले फ्रांस्वा कूपरँ यांनी 1716 साली या वाद्याच्या वादनावर पुस्तक लिहिलं. त्यातले मास्तर मला फार ओळखीचे वाटतात. नवशिक्याने शिकवणीमागे एकट्याने सराव करू नये म्हणून ते वाद्याची किल्ली स्वतःजवळ ठेवत, कारण पाऊण तासात बसवलेला हात मूल क्षणात बिघडवतं. वाजवताना तोंड वेडंवाकडं होत असेल तर वाद्यावर आरसा ठेवा, असाही त्यांचा सल्ला आहे. आमच्या क्लासात आरसा नव्हता, मास्तरांची नजर होती.

बाख यांची 'गोल्डबर्ग' रचनामाला 1741 साली छापली गेली ती दोन मजली पट्ट्यांच्या हार्पसिकॉर्डसाठी. दोन हात दोन मजल्यांवर, एकमेकांवरून खुशाल ये-जा करतात. तीच रचना पियानोच्या एकाच रांगेवर वाजवली की हात हातावर चढतात, कोण वर आणि कोण खाली ते आधी ठरवावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला यातलं काही कळता कामा नये.

चर्चमधल्या नळ्यांच्या ऑर्गनवर बोटाला दोनच गोष्टींचा अधिकार: सूर कधी सुरू व्हायचा आणि कधी थांबायचा. मधल्या काळात तो तसाच उभा राहतो, ना वाढत ना ओसरत. म्हणून ऑर्गनवादकाची खरी कला पट्टी सोडण्यात आहे. सलग सुरावट हवी तर दाबलेल्या पट्टीवरचं बोट, सूर न तोडता, दुसऱ्या बोटाने बदलतात. हे वाजवणं कमी आणि जिन्यावर पाय बदलणं जास्त. खऱ्या पायांनाही काम असतंच. खाली पायपट्ट्यांची वेगळी रांग, ती टाचेने आणि चवड्याने वाजवायची, शक्यतो खाली न बघता. मोठ्या चर्चमध्ये नळ्या दूर असल्या तर सूर वादकाच्या कानावर उशिराच पोचतो. कानावर विसंबून थांबत राहिला तर लय मंदावत जाते. कानाचं ऐकू नकोस, असं शिकवणारं वाद्य मला दुसरं माहीत नाही.

आता पियानो. फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात वाद्यं सांभाळणाऱ्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी 1700च्या सुमारास तो घडवला. त्यांच्या हातचे तीन पियानो आजही उरलेत, तिन्ही 1720च्या दशकातले. त्यांनी सोडवलेला पेच असा: हातोडी तारेला चिकटून राहिली तर आवाज दबणार, म्हणून तार गाठण्याच्या अगदी आधी पट्टीने हातोडीला सोडून द्यायचं. शेवटचं थोडं अंतर हातोडी मोकळीच, फेकलेल्या दगडासारखी जाते. म्हणजे सूर जन्मण्याआधीच बोटाचा हक्क संपलेला असतो! माझ्या आत्याला हे तंत्र कुणी समजावलं नव्हतं, पण ती अचूक बोलली होती. बोटाच्या हाती उरतो फक्त वेग. पट्टी सेंटिमीटरभर खाली जाते. तेवढ्या प्रवासात ती किती वेगाने गेली, यावर आवाज ठरतो. नंतर पट्टी धरून ठेवण्याला एकच अर्थ, की तारेवर बसणारी दाबणी अजून बसू द्यायची नाही. तेही काम उजव्या पायाचं पेडल सगळ्या तारांसाठी एकदम करतं. बरे पियानोवादक पाय नुसता खाली-वर करत नाहीत, अर्धा, पाव असा तोलतात.

एकोणिसाव्या शतकात मात्र वेगाचं हे गणित बोटांच्या ताकदीवर ढकललं गेलं आणि तिथे थोडा वेडेपणा झाला. 1814 साली लोजिए नावाच्या गृहस्थांनी हात पट्ट्यांवर ठरलेल्या जागी अडकवून ठेवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. शूमान यांचा उजवा हात तरुणपणीच निकामी झाला आणि ते वादन सोडून रचनेकडे वळले; दोष बोटं बळकट करणाऱ्या उपकरणाचा की आजाराचा, यावर वाद आहे. या गर्दीत शोपँ वेगळे उठून दिसतात. पाचही बोटं सारखी करण्याच्या फंदात ते पडले नाहीत. विद्यार्थ्याचा हात ते सुरुवातीला अशा सुरांवर ठेवत की लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर येतील आणि अंगठा-करंगळी पांढऱ्यांवर. सरगमही सर्व पांढऱ्यांची नव्हे, पाचही काळ्या येतात ती आधी देत.

हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. कारण आमच्या मास्तरांनी पहिला बिलावल काळी एकमध्ये दिला होता, आणि काळी एकचा बिलावल म्हणजेही पाचही काळ्या पट्ट्या. त्यांना शोपँ माहीत नव्हते. पुरुष गायकाचा षड्ज बहुधा तिथे असतो, एवढंच त्यांचं कारण. पण हात तोच बसला. पुढे बाई गायला बसल्या की काळी चार किंवा पाच, म्हणजे तोच राग आणि बोटांचा नकाशा नवा. पियानोवाला रचनेसाठी बोटं ठरवून ठेवतो; पेटीवाल्याला गाणारा स्टेजवर बसल्यावर पट्टी सांगतो.

पेटी मुळात युरोपची. पॅरिसच्या देबँ यांनी 1840च्या सुमारास हार्मोनियम बनवला, तो पायाने भाता मारायचा, खुर्चीवर बसून. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने त्याला जमिनीवर बसवलं आणि भाता मागे आणून डाव्या हाताला दिला. त्या क्षणी डावा हात सुरांतून निवृत्त झाला, आणि माझं म्हणणं असं की खरी पेटी तिथेच सुरू झाली. पट्टी इथे फक्त खिडकी उघडते, जीव भात्यात. बोटाने आपला अर्धा हक्क डाव्या हाताला देऊन टाकलेला असतो.

नवशिक्या तबल्याच्या ठेक्याबरोबर भाता मारतो. समेवर एक धक्का, खाली दुसरा, आणि सूर उचकी लागल्यासारखा येतो. आमचे मास्तर यावर माझा डावा हात स्वतःच्या हाताखाली घ्यायचे आणि माझ्याकडून एकच षड्ज धरवायचे. बाहेरचा भाता हवा आत ढकलतो. आत स्प्रिंगवर ताणलेला दुसरा भाता असतो, तो ती साठवून सावकाश सोडतो. आतला भरलेला ठेवायचा आणि बाहेरचा मोठ्या, संथ श्वासासारखा चालवायचा. तालाशी त्याचा संबंध नाही, ओळीशी आहे. आतला भाता भरलेला असताना बाहेरून हलका दाब दिला की तो थेट सुरात उतरतो. गायक आवाज लावतो तसा फुगवटा तिथून येतो. खर्जाच्या जाड पत्तीला बोलायला किंचित वेळ लागतो, म्हणून द्रुत तानेत खर्ज बंद करून घेणारे वादक असतात.

आणि मींड? ती पेटीत नाही, हे खरंच. पण ती आहे असं भासवण्याचं तंत्र आहे. षड्जावरून गंधारावर जाताना ऋषभाला नुसता स्पर्श, आणि आधीची पट्टी केसभर उशिरा सोडायची. कूपरँच्या वाद्यावरची तीच युक्ती. सुरांच्या फटी बुजतात आणि कान मधली वाट स्वतः भरून घेतो. संगतीत तर आणखी एक गोष्ट: गायकाच्या अर्ध्या पावलाने मागे राहायचं, पण मागे आहोत असं वाटू द्यायचं नाही. अप्पा जळगांवकर किंवा गोविंदराव पटवर्धन यांची संगत ऐकताना तो उशीर ऐकून पाहा, सापडत नाही. पी. मधुकर यांनी एकल वादनात बोटांची तयारी दाखवली, बोरीचे तुळशीदास बोरकर त्यांचे शिष्य, आणि मनोहर चिमोटे यांनी वाद्याला 'संवादिनी' असं नावच दिलं.

आकाशवाणीला मात्र यातलं काही ऐकू आलं नाही. 1940 ते 1971 अशी एकतीस वर्षं पेटी तिथे वर्ज्य होती. आक्षेप दोन: मींड नाही, आणि सुरांच्या जागा युरोपच्या समान वाटणीच्या. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. एका अर्ध्या सुराचे 100 सेंट, म्हणजे सातवा हिस्सा. तयार कानाला तो बोचतो. यावर सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुति-हार्मोनियम करवून घेतला, 1916च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तो मांडलाही, पण गवयांना पटला नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली. माझं मत विचाराल तर दुरुस्ती वाद्यात होईल तितकी व्हावी, पण शहाणा संगतकार गंधारावर ठाण मांडून बसतच नाही. गायक तिथे न्यास करतो तेव्हा तो भाता हलका करतो आणि तंबोऱ्याला बोलू देतो.

नाटकाचा ऑर्गन, म्हणजे पायपेटी, हे वेगळं प्रकरण. 'मानापमान'ला 1911 साली चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः थोर पेटीवादक. पुढे संगीत रंगभूमीवर पायपेटी इतकी रुजली की तिच्या सुराशिवाय नांदी पोरकी वाटे. दोन्ही पाय पायट्यांवर, त्यामुळे दोन्ही हात मोकळे, आणि आवाजाची चढउतार गुडघ्याने सरकवायच्या दांड्यावर. भाता इथे हवा फुंकत नाही, ओढतो, म्हणून सूर मऊ. पण खेळ पाच-पाच तास चालत त्या काळात या पायांचं काय होत असेल!

अ‍ॅकॉर्डियन म्हणजे भाताच अंगावर घेतलेला. तो उघडताना आणि मिटताना दोन्हीकडे वाजतो, आणि दिशा बदलण्याचा क्षण ओळीच्या मध्ये येऊ न देणं हेच त्यातलं कसब. पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांनी ते सिनेमागीतांतून घराघरात नेलं. 'नागिन' (1954) मधली पुंगी म्हणजे कल्याणजींनी वाजवलेला क्लाव्हियोलाइन: एका वेळी एकच सूर, आणि आवाज पुन्हा गुडघ्याने.

आताचा कीबोर्ड जोर मोजतो अशी समजूत आहे. तो वेळ मोजतो. प्रत्येक पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात. पहिला आणि दुसरा जोडला जाण्यात किती वेळ गेला, त्यावरून तो आवाज ठरवतो. क्रिस्तोफोरींचंच गणित, हातोडी वजा करून. मींडेसाठी डावीकडे चाक आहे, म्हणजे डाव्या हाताला पुन्हा काम मिळालं.

माझी भाची असाच कीबोर्ड वाजवते. गेल्या दिवाळीत तिला म्हटलं, यमन वाजव, पेटीच्या आवाजात. तिने बटण दाबलं, काळी एक धरली आणि निषादावर सूर असा फुगवला की मी चमकून तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर होता.

"मामा, तिथे काय बघतोस?" ती म्हणाली आणि टेबलाखाली बोट दाखवलं. आवाजाच्या पेडलवर तिचा मोजा घातलेला पाय सावकाश पुढे-मागे होत होता.